गॅस उतरेपर्यंत

"सुई देऊ की गॅस?" डॉक्टर हेरवाडेबाईंनी विचारलं.

प्रश्न मला होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते. समोर चष्म्याचं दुकान होतं आणि त्याच्या पायरीवर बसून एक माणूस केळं सोलत होता. त्यानं साल अगदी शेवटपर्यंत काढलं, ते बाजूला ठेवलं आणि मग केळं खाल्लं. मी ते पूर्ण बघितलं.

"सुनीती," अभिनंदन म्हणाला, "डॉक्टर विचारतायत काहीतरी."

अभिनंदन माझा नवरा. आमची ओळख कॉलेजातली, त्यामुळं मी त्याला नावानंच हाक मारायची. सासूबाईंना ते पटायचं नाही. त्या दिवशी त्या आणि मामंजी, म्हणजे अभिनंदनचे आप्पा, बाहेरच्या बाकावर बसून होते. आत पलंगाशी तो होता आणि माझी आई होती. आई सकाळच्या पहिल्या एसटीनं मिरजेला आली होती. आल्यापासून माझ्या पायथ्याशी बसली होती आणि एक शब्दही बोलली नव्हती.

आदल्या दिवशी सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरबाई बराच वेळ ते यंत्र माझ्या पोटावर फिरवत राहिल्या. मग त्यांनी पडदा हळूच आपल्याकडं वळवून घेतला. मला आठवा संपत आला होता. बाळाचे ठोके थांबले होते. त्या काय म्हणाल्या ते मला नीट कळलं. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, गोळ्या ठेवून कळा आणाव्या लागतील, बाळंतपण नेहमीसारखंच होईल, हेही कळलं. मी घरी आले आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढून त्यांच्या घड्या घातल्या. सासूबाई हुंदके देत माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी शर्टाची कॉलर सरळ करत होते. आत काही हललंच नाही. पोटातही नाही आणि आणखी आतही नाही.

"दोन्हींत फरक काय?" अभिनंदननं विचारलं.

"सुईनं गुंगी येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कळा जाणवतील, पण लांबून. बाळंतपण झाल्यावरही त्या बराच वेळ झोपेत राहतील, कदाचित संध्याकाळपर्यंत. गॅसचं तसं नाही. तो नाकातोंडानं ओढायचा. अर्ध्याएक मिनिटात चढतो आणि सोडला की चार-पाच मिनिटांत उतरतो. दुखणं पूर्ण जात नाही, बोथट होतं. पण डोकं लगेच ठिकाणावर येतं."

"मग सुईच द्या. झोपेतच होऊन जाऊ दे सगळं. कशाला तिला..."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मला काहीच वाटत नव्हतं. "काहीही चालेल," मी म्हणाले.

"गॅस द्या," आई म्हणाली.

आम्ही सगळ्यांनीच वळून तिच्याकडं बघितलं. माझ्या आईनं आयुष्यात कधी काही ठरवलेलं मी पाहिलं नव्हतं. घरात भाजी कुठली करायची तेसुद्धा ती आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारायची. जावयासमोर तर पदर सावरून भिंतीकडं बघत बोलायची.

"आई, तिला त्रास होईल," अभिनंदन म्हणाला.

"होऊ दे. सुई नको."

"अहो, पण..."

"सुई नको म्हटलं ना मी, जावईबापू."

आवाज चढला नव्हता. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "चालेल?" मी मान हलवली. आईला गॅस हवा होता, मला त्यातलं काहीच नको होतं, तेव्हा गॅस ठरला.

एस्तेर सिस्टरांनी निळा सिलिंडर ढकलत आणून पलंगाशी उभा केला. त्याच्या नळीच्या टोकाला मास्क होता. तो माझ्या हातात देऊन डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा दुसऱ्या कुणी धरायचा नाही. कळ सुरू होतेय असं वाटलं की लगेच घट्ट लावायचा, लांब श्वास घ्यायचा. कळ टोकाला जाईपर्यंत थांबलात तर उशीर होईल. ओसरली की काढायचा."

पहिली कळ मोठी आली तेव्हा मी मास्क लावला. रबराचा वास आला आणि त्यामागून काहीतरी गोडसर. श्वास आत घेतला की झडप खट् वाजायची. दोन-तीन श्वासांत ओठांना मुंग्या आल्या, मग बोटांना. मग खोलीतले आवाज लांब गेले, लहानपणी आमच्या विहिरीत बुडी मारली की काठावरच्या पोरींचे आवाज जायचे तसे. कळ होती. ती माझ्याच पोटात होती हेही समजत होतं. पण ती दुसऱ्या कुणाची तरी माझ्याजवळ ठेवायला दिल्यासारखी होती.

हात जड झाला, मास्क घसरायला लागला. आई पटकन पुढं झाली आणि तो धरायला गेली.

"नको, आजी," सिस्टर म्हणाल्या. "तो घसरू द्यायचा. पुरेसा झाला की हात आपोआप खाली येतो, म्हणून तर त्यांच्याच हातात दिलाय. आपण धरून ठेवला तर जास्त होईल."

आईनं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

मग गॅस उतरायचा. तो भाग मला अजून आठवतो, आता इतकी वर्षं झाली तरी. आधी पंख्याचा आवाज जवळ यायचा. मग सिस्टरांच्या चपला. मग छताचा रंग. मग मी कुठं आहे ते कळायचं, आणि शेवटी कशासाठी आहे ते. दर वेळी याच क्रमानं. काही क्षण असे असायचे की खोली परत आलेली आहे आणि बातमी अजून आलेली नाही. मग ती यायची. मी तिच्याकडं बघायची आणि पुढच्या कळेची वाट बघायची.

शेजारच्या खोलीत कुणीतरी बाळंत झालं. टॅहॅ ऐकू आलं, मग बायकांचा गलका. सिस्टरांनी आमचं दार ओढून घेतलं. अभिनंदननं माझा हात धरला होता, तो त्यानं इतका आवळला की त्याची अंगठी मला रुतली.

दुपारी केव्हातरी कळा एकावर एक यायला लागल्या. मी एकदा मास्क जरा जास्त वेळ ओढला आणि मला तो केळं सोलणारा माणूस दिसला. किती मन लावून सोलत होता. मला हसू आलं. आधी मास्कच्या आत, मग मास्क खाली आला तरी थांबेना. मी खदाखदा हसत होते. पोट दुखत होतं आणि मी हसत होते.

अभिनंदन माझ्याकडं बघत राहिला. "काय होतंय हिला? सिस्टर, ही हसतेय!"

"गॅसनं होतं कधीकधी. उतरेल आत्ता."

"बंद करा तो. बंद करा!" असं म्हणून तो उठला आणि बाहेर निघून गेला. दार त्याच्यामागं आपटलं.

"हसू दे तिला," आई म्हणाली. तिनं माझ्या कपाळावरचे केस मागं सारले. "हस गं, बाळ. हस."

उतरल्यावर मला हसल्याचं आठवत होतं, पण त्याची लाज वाटली नाही. कशाचीच वाटली नाही.

बाळ आलं तेव्हा मी गॅस ओढत नव्हते. डॉक्टरबाईंनीच सांगितलं, आता मास्क ठेवा, आता जोर करा. शेवटच्या ओढीचा थोडा धूसरपणा तेवढा होता. जोर केला, पुन्हा केला, आणि पोट एकदम रिकामं झालं. सगळ्या खोलीनं कान टवकारले. मीसुद्धा. काहीच ऐकू येणार नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी आम्ही ऐकत होतो. कात्री ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. सिस्टरांनी काहीतरी पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडं नेलं.

अभिनंदन आत आला. त्याचे डोळे सुजले होते. तो माझ्याकडं न बघता डॉक्टरबाईंकडं गेला आणि हळू आवाजात बोलायला लागला. मला सगळं ऐकू येत होतं.

"आप्पांनी गाडी दारात लावलीय. उजेड आहे तोवर न्यायला पाहिजे म्हणतात. तुम्ही आमच्याकडं देऊन टाका."

"तुमच्या बायकोनं अजून बघितलेलं नाही."

"नको. तिला नका दाखवू. डोळ्यांसमोरून जाणार नाही तिच्या. माझी आईसुद्धा तेच म्हणतेय."

"असेल. पण ते मी तिला विचारणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत्ता लगेच नाही. ती आत्ता जे सांगेल ते गॅसमधलं असेल. उतरू दे."

"किती वेळ?"

"थोडाच. इथंच थांबा."

त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या उशाशी बसल्या. माझी नाडी बघत होत्या. चक्कर येतेय का, विचारलं. मी म्हणाले, थोडी. मळमळतंय का? नाही. मग नुसत्याच बसून राहिल्या. पंखा जवळ आला. छताचा रंग परत आला. बाकी सगळं परत आलं.

"तुमचं नाव सांगा."

"सुनीती अभिनंदन मगदूम."

"आज वार कुठला?"

"गुरुवार."

"इथं काय झालं?"

"मला बाळ झालं," मी म्हणाले. "ते गेलेलं होतं."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. "तुम्हाला त्याला बघायचंय का? घाई नाही. नको वाटलं तर तेही बरोबर आहे."

अभिनंदन भिंतीला टेकून उभा होता आणि मान हलवून नको, नको म्हणत होता. त्यात दमदाटी नव्हती, विनवणी होती.

"माहीत नाही," मी म्हणाले. "घेऊन जाऊ दे त्यांना. माहीत नाही मला."

आई पायथ्याची उठली. ती माझ्या जवळ आली आणि खाली वाकली. तिच्या तोंडाला सकाळपासूनच्या उपासाचा वास येत होता.

"तुझ्याआधी एक होतं," ती म्हणाली.

मला कळलं नाही. "काय होतं?"

"बाळ. सरकारी दवाखान्यात. असंच, आधीच गेलेलं. मला सुई दिली त्यांनी. कुणी विचारलं नाही, दिली. मी संध्याकाळी जागी झाले तेव्हा तुझी आजी शेजारी बसली होती. म्हणाली, झालं गेलं, आता उठून दोन घास खा." आईचा आवाज अगदी सपाट होता, कुणाच्या तरी घरची हकीकत सांगावी तसा. "मुलगा होता की मुलगी ते मला आजवर ठाऊक नाही, सुनीती. मी विचारलंच नाही. विचारायचं कुणाला? पहिले काही दिवस धीर झाला नाही. मग तू पोटात आलीस. मग विचारायचं राहूनच गेलं."

मी घरातली थोरली. सगळे मला थोरली म्हणूनच हाक मारायचे. लग्नात, बारशात, कुठंही, ही आमची थोरली.

"तू बघ असं मी म्हणत नाही," आई म्हणाली. "पण तू जागी आहेस. जागेपणी काय ते सांग."

अभिनंदन भिंतीशी होता. त्यानं मान हलवायची थांबवली होती.

"आणा," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी आधी सगळं सांगितलं. ओठ काळसर आहेत, एका गालावरची कातडी निघालीय, अंग सैल लागेल, घाबरायचं नाही. लगेच उठून बसू नका, चक्कर येईल. मग त्यांनी उशीखाली आणखी एक उशी दिली, आणि सिस्टरांनी ते कापड माझ्या हातांत ठेवलं.

मुलगी होती. डोकं काळ्याभोर केसांनी भरलेलं. नखं पूर्ण आलेली, थोडी वाढलेलीसुद्धा. डावा कान वरून दुमडलेला होता. अभिनंदनचा तसाच आहे. मी त्या कानाला बोट लावलं. कान मऊ होता आणि उलगडून परत दुमडला.

"अभि," मी म्हणाले, "कान बघ."

तो पुढं आला. आधी त्यानं फक्त कान बघितला, बाकी सगळं हातानं झाकावं तसा तिरका उभा राहून. मग तो पलंगावर बसला. मग त्यानं सगळं बघितलं. बाहेर मामंजींनी दारावर दोनदा टकटक केलं. तो आतूनच म्हणाला, "आप्पा, थांबा. आम्ही बघतोय." नंतर सासूबाईसुद्धा आत आल्या. तिला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "नाक आमच्याकडचं आहे."

मी तेव्हाही रडले नाही. सगळे रडत होते, एस्तेर सिस्टरसुद्धा, आणि मी मात्र त्या दुमडलेल्या कानाकडं बघत होते. तिला नेलं तेव्हा मी माझ्या हातांनी दिलं. एवढंच.

आईही रडली नाही. तिनं मुलीला घेतलं नाही, मागितलं नाही. फक्त वाकून खूप वेळ बघत राहिली.

आठवड्यानं मी माहेरी आले. आमचं घर मळ्यातच होतं. दूध आटायच्या गोळ्या चालू होत्या, तरी छाती ठणकायची, आणि आई सकाळ-संध्याकाळ फडकं आवळून बांधायची. मी खात होते, झोपत होते. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांशी बोलत होते. त्या निघून गेल्यावर कोण येऊन गेलं ते मला सांगता आलं नसतं.

एका दुपारी आण्णा सोप्यात बसून दोर वळत होते. आई आत चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज येत होता. मी आण्णांजवळ बसले होते. का ते सांगता येणार नाही, पण मी एकदम विचारलं, "आण्णा, माझ्याआधीचं, मुलगा होता की मुलगी?"

आतली थापणी थांबली.

आण्णांनी दोर खाली ठेवला. मला कुणी सांगितलं, कसं कळलं, त्यांनी काही विचारलं नाही.

"मी बघितलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या आजीनं फडक्यात गुंडाळून हातात दिलं माझ्या. म्हणाली, बघू नकोस, ठेवून ये. मी बघितलं नाही. सबंध वाटभर वाटत होतं, बघावं. फडकं बाजूला करायला एक बोट पुरलं असतं." त्यांनी हात पुसले, हात कोरडेच होते. "झालं नाही माझ्याच्यानं."

आई दारात येऊन उभी राहिली होती. दोन्ही हात पिठाचे.

"तुम्हाला ठाऊक नाही?" ती म्हणाली.

"मला वाटलं तुला ठाऊक असणार. दवाखान्यात तू होतीस."

"मी झोपेत होते. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं, तुम्ही सांगत नाही."

"मला वाटलं, तू बोलत नाहीस."

आजी जाऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. म्हणजे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. हे आम्हा तिघांनाही एकदमच कळलं असावं, कारण कुणीच कुणाकडं बघितलं नाही.

मग आई म्हणाली, "केवढं होतं?"

आण्णांनी दोन्ही तळहात पुढं केले आणि एकमेकांपासून थोडे लांब धरले. ते जरासे जवळ आणले, मग पुन्हा होते तिथं नेले. "एवढं," ते म्हणाले. "हाताला वजन लागत नव्हतं."

आई त्या हातांमधल्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली.

"कुठं ठेवलंत?"

"विहिरीच्या वरच्या अंगाला. तिथं मी नांगर घातला नाही कधी." ते उठले आणि चपला शोधायला लागले. "चल. दाखवतो."

"तव्यावर भाकरी आहे."

"ती बघेल. चल तू."

आईनं हात धुतले नाहीत. तशीच पिठाच्या हातांनी ती अंगणात उतरली. आण्णा नेहमी चार पावलं पुढं चालायचे. त्या दिवशी ते तिच्यासाठी थांबले आणि दोघं बांधावरून बरोबर गेले. उसाच्या आड होईपर्यंत मी त्यांना बघत होते.

मग आत आले. भाकरी एका बाजूनं करपायला लागली होती. मी ती उलटायला हात घातला आणि तव्याचा चटका बसला. बोट एकदम मागं आलं. दुखलं, खूप दुखलं. मी ते बोट तोंडात धरून चुलीपुढं खाली बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, आणि ती दोघं परत आली तरी थांबले नाही.